वरकसाचे धान्य

मावळ तालुक्यातल्या एखाद्या शेताचा सातबारा हातात घेतला तर लागवडीयोग्य क्षेत्रात जिरायत, बागायत, तरी (भाताची जमीन) यांच्या शेजारी आणखी एक रकाना दिसतो : वरकस. महसुलाच्या दृष्टीने ही जमिनीतली शेवटची प्रत. उताराची, मुरमाची, पाणी न धरणारी; भातखाचरांच्या वर आणि रानाच्या खाली लोंबकळणारी. आकारणी सर्वांत कमी. भाऊबंदकीत भांडण व्हायचे ते खाचरावरून, वरकस जास्त ज्याच्या वाट्याला येई त्याची समजूत काढावी लागे. आणि तरीही मावळातले घर वर्षाचे बहुतेक महिने ज्या भाकरीवर निघत असे तिचे धान्य याच रकान्यातून येत होते : नाचणी, वरी, सावा, आणि त्यांच्या पाठोपाठ चटणीपुरते, तेलापुरते कारळे.

या पुस्तकाचा विषय मावळातली ही बारीक धान्ये. प्रस्तावना लिहायला बसले तेव्हा मात्र धान्यांपेक्षा त्या रकान्याविषयीच लिहावे असे वाटले. धान्य पोत्यातून कुठूनही येते, येतही आहे. पुढची पाने वाचताना वाचकाने जमिनीकडे नजर ठेवावी एवढीच माझी सुरुवातीची विनंती.

भूगोलापासून सुरुवात करू. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून लोकलने निघाले की तासाच्या आत तळेगाव दाभाडे येते, आणि तेवढ्यात पाऊस चौथ्या हिश्शाच्या आसपास उतरलेला असतो. या अंतरात भाकरी बदलते. घाटमाथ्याला नाचणीची, तळेगाव-चाकणच्या अंगाला बाजरीची, आणि भीमेच्या काठाकाठाने आणखी पूर्वेला गेले की ज्वारीची. पुणे जिल्ह्याचा नकाशा तव्यावरच्या भाकरीच्या रंगावरून काढता आला असता, निदान दोन पिढ्यांपूर्वी तरी. आता तिन्हीकडे चपाती आहे.

आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ ही तालुक्यातली तीन खोरी लोकांच्या तोंडी आजही याच नावांनी आहेत. प्रत्येक खोऱ्याची ठेवण सारखीच. तळाला नदी आणि तिच्या काठची खोल मातीची खाचरे, त्यावर गावठाण, त्यावर वरकस, मग रान, मग कडा. कुसूर, खांडी, तुंग, आजिवली ही गावे घाटमाथ्याच्या इतकी जवळ आहेत की तिथे खाचराला जागा थोडीच सापडते. जे आहे ते उतारच.

सध्या तृणधान्यांवरच्या प्रत्येक भाषणात ‘कमी पाण्यात येणारी पिके’ असे एक वाक्य ठरलेले असते. बाजरी-ज्वारीला ते लागू पडते, कर्नाटकाच्या पठारावरच्या नाचणीलाही पडते. आंदर मावळातल्या शेतकऱ्याला ते ऐकवले तर तो हसेल. इथली नाचणी चार महिने चिंब भिजत उभी असते. तिचा इथला गुण वेगळा आहे : भाताला पायाशी साचलेले पाणी लागते, नाचणीला लागत नाही. पाणी उतारावरून धावत निघून गेले तरी तिचे भागते, पातळ मातीत आणि मुरमात तिची मुळे धरून राहतात. म्हणून जिथे खाचर बांधता येत नाही तिथे ती. एकाच धान्याला दोन प्रदेशांनी दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी जवळ केले आहे, आणि सरकारी भाषेत सगळी भरडधान्ये एका पोत्यात भरली की नेमके हेच दिसेनासे होते.

जाता जाता आणखी एक. आपण ज्याला अस्सल देशी धान्य म्हणून मिरवतो ती नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली, इथिओपिया-युगांडाच्या बाजूची. हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आली आणि डोंगरच शोधत राहिली. वरी आणि सावा मात्र याच भूमीतले. पाहुणी घरधनीण झाली आणि घरची दोघे मागच्या दाराशी राहिली, असे मावळापुरते म्हणता येईल.

वरकसाची शेती समजून घ्यायची तर राबापासून सुरुवात करावी लागते. शिमगा झाला की त्याची तयारी लागते. ऐन आणि इतर झाडांच्या पानांसकट तोडलेल्या फांद्या, म्हणजे कवळ, वाळलेले शेण, गवत आणि पाचोळा. हे थर रोपाच्या वाफ्यावर पसरायचे, वरून बारीक माती दाबायची आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवायचे. वारा जिकडे वाहतो त्या टोकाकडून आग लावतात, म्हणजे ती वाऱ्याच्या उलट सरकत सावकाश जळते. भडकलेला राब फुकट गेला असे मानतात. हळू भाजलेल्या मातीत तणाचे बी मरते, किडी मरतात, राखेतला पालाश रोपाला मिळतो, आणि माती अशी भुसभुशीत होते की पुढे रोप उपटताना मुळे तुटत नाहीत. पवन मावळात हिंडताना खांबासारखे उभे, अंगाला जेमतेम पालवी असलेले ऐन दिसतात. ते वर्षानुवर्षे कवळासाठी छाटले गेलेले. पर्यावरणप्रेमी पाहुण्याला ते पाहून हळहळ वाटते. पण छाटलेले झाड जिवंत असते, दर वर्षी फुटते, आणि ज्याला त्याची पाने हवी आहेत तो ते मुळातून तोडू देत नाही. राब चांगला की वाईट या वादात मी पडत नाही, तो फार जुना आहे. ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानची शेती सुधारण्यासाठी बोलावलेल्या डॉ. वोलकर यांच्या १८९३ च्या अहवालातही राबाची चर्चा आहे.

रोपे वीस-पंचवीस दिवसांची झाली की लावणी. इथे घरातली प्रतवारी स्पष्ट दिसते. मृगाच्या पावसानंतर सगळे हात आधी भाताकडे, खाचरांची लावणी उरकली की मग नाचणी. पाठीवर इरले, पायाखाली घसरता उतार. एका किलोत नाचणीचे तीन लाखांहून अधिक दाणे बसतात, त्यामुळे बी फारच थोडे लागते, पण त्यातून उगवलेले एकेक रोप हातानेच लावायचे आणि एकदा तरी बेणायचे. कणसेही एकदम पिकत नाहीत. पिकतील तशी दोन-तीनदा खुडावी लागतात, मग खळ्यावर काही दिवस रचून ठेवायची, मग बडवायची. नाचणी हे आळशाचे पीक, असे म्हणणाऱ्याने ती कधी केलेली नसते.

त्या पुढचा भाग मला या सगळ्यात सर्वांत हुशारीचा वाटतो. वरकसाच्या एका तुकड्यावर पहिल्या वर्षी नाचणी, कारण भाजलेल्या आणि विसावलेल्या मातीचा जोर तिला लागतो. दुसऱ्या वर्षी वरी, तिला कमी कसावर भागवता येते. तिसऱ्या वर्षी सावा किंवा कारळे. मग ती जमीन सोडून द्यायची. काही वर्षे तिथे गवत वाढते, करवंदीची जाळी येते, गुरे चरतात, कवळाची झाडे सावरतात, आणि माती पुन्हा धरते. म्हणजे घराकडे वरकस पाच एकर असली तरी एका वर्षी पिकाखाली त्यातली एखाद-दीड एकरच असायची. बाकीची पडीक दिसायची. पडीक दिसणे हाच तिचा कामाचा भाग होता. १८८५ मध्ये निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या पुणे खंडात मावळातल्या या पिकांची नोंद आहे. महसूल खात्याच्या डोळ्याला मात्र पिकाखालची जमीन दिसते, विसावा घेणारी दिसत नाही. मावळावर पुढच्या शंभर वर्षांत जे जे आले ते प्रत्येक जण या ‘पडीक’ जमिनीकडेच बोट दाखवत आले.

पण त्याआधी घराचा हिशोब. मावळ भाताचा प्रदेश म्हणून ओळखला जातो आणि ते खरेच आहे. इथला आंबेमोहोर पुण्याच्या पेठांत विकला जाई. त्यातून सारा भरायचा, दुकानदाराची उधारी फेडायची, लग्नकार्य काढायचे. घरात भात शिजे तो सणाला, पाहुण्याला आणि आजाऱ्याला. रोज पोटात जाई ती नाचणी. याचे कारण पौष्टिकतेचे ज्ञान नव्हते, बाजार होता. तांदूळ विकला जाई म्हणून तो घराबाहेर गेला. नाचणी कोणी विकत घेत नव्हते म्हणून ती घरात राहिली. तिला किंमत नव्हती हेच कुटुंबाला मिळालेले संरक्षण. आज ती महाग झाली आहे याचा आनंद करताना हे लक्षात असावे, कारण ज्या धान्याला भाव येतो ते पिकवणाऱ्याच्या ताटातून आधी निघते.

तिचा दुसरा मोठा उपयोग आषाढ-श्रावणातला. मागच्या वर्षीचा साठा संपत आलेला, शेतात सर्वांत जास्त कष्टाचे दिवस, बाहेर जाता येत नाही असा पाऊस. घाटमाथ्यावर उपासमारीचा काळ उन्हाळ्यात येत नसे, तो भर पावसात येई. अशा वेळी भाद्रपदात हाताशी येणारे हळवे पीक फार मोलाचे. भातासारखी नाचणीतही हळवी, निमगरवी, गरवी अशी वाणे असतात, आणि जुन्या घरांत एकाच वाणावर भिस्त ठेवण्याचा मूर्खपणा कोणी करत नसे. सावा आणि वरी त्याहून लवकर. उत्पन्न थोडे, पण वेळेवर. शिवाय नाचणीला कीड सहसा लागत नाही. नीट वाळवून कणगीत भरली तर वर्षानुवर्षे टिकते. शेणाने लिंपलेली नाचणीची कणगी हीच घराची बँक होती, आणि तिच्यावर हात ठेवण्याचा हक्क बहुधा घरातल्या म्हातारीचा असे.

नाचणी आणि वरी-सावा यांच्यात स्वयंपाकघराच्या बाजूने एक मोठा फरक आहे. शहरी वाचकाला तो ठाऊक नसतो आणि आजच्या प्रश्नाचा निम्मा भाग त्यातच आहे. नाचणीचे टरफल सहज सुटते, दाणा पाखडून थेट जात्यावर टाकता येतो. वरी आणि सावा यांच्या दाण्यावर घट्ट तूस असते. आधी जात्यावर हलक्या हाताने भरडायचे, मग उखळात कांडायचे, पाखडायचे, पुन्हा कांडायचे. पहाटेच्या या कामाला मजुरीचा हिशोब कोणी लावला नाही कारण ते बायकांचे होते. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा नाचणी वाचली, ती गिरणीत दळता येत होती. वरीला गिरणीचा काही उपयोग नव्हता. बायकांनी मुसळ खाली ठेवले आणि वरी गेली. मी तरी याबद्दल त्यांना दोष देणार नाही.

वरीची गंमत अशी की ती मावळातून जात असताना पुण्यात मात्र तिचे स्थान अढळ होते, एकादशीला. भगर आणि दाण्याची आमटी हे पेठेतले उपासाचे जेवण. मावळातल्या ठाकर-कातकऱ्याच्या, महादेव कोळ्याच्या आणि गरीब कुणब्याच्या घरचा रोजचा भात तो शहरातल्या सोवळ्यातला फराळ. उपासाला ‘धान्य’ चालत नाही, भगर चालते, म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने ती धान्यातच नव्हती. डोंगरातल्या माणसाच्या पोटाला मात्र हे सांगायला कोणी गेले नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने वरीचे एक सुधारित वाण काढले, त्याचे नाव ‘फुले एकादशी’ ठेवले आहे. नाव ठेवणाऱ्याने ग्राहक बरोबर ओळखला. आज बाजारात मिळणारी बहुतेक भगर नाशिकच्या गिरण्यांतून येते आणि त्या गिरण्यांना कच्चा माल परराज्यांतून येतो. लोणावळ्याच्या दुकानात चिक्कीशेजारी ठेवलेली भगरीची पुडी मावळात पिकलेली असण्याची शक्यता फार थोडी.

आता त्या ‘पडीक’ जमिनीची गोष्ट. पहिला घाव वनखात्याचा. १८७८ च्या वन कायद्यानंतर डोंगरउतारांवर राखीव जंगलाच्या हद्दी पडू लागल्या. झाडोरा जाळून करायच्या फिरत्या शेतीला, साहेबी कागदपत्रांतल्या ‘कुमरी’ला, चाप बसला आणि कवळ तोडणे हा गुन्हा होऊ लागला. शेजारच्या ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत राबाच्या हक्कावरून इतकी ओरड झाली की मुंबई सरकारला १८८० च्या दशकात त्यासाठी वन आयोग नेमावा लागला. महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्याने डोंगर-माळ गिळल्याबद्दल जे लिहिले आहे ते याच काळातले. विसाव्याच्या जमिनीचा मोठा भाग हद्दीपलीकडे गेला, त्यामुळे उरलेल्या तुकड्यांचा विसावा आखडत गेला. दहा वर्षांचा पाच, पाचाचा तीन, मग तोही नाही. माती पातळ झाली, पीक घटले, आणि नाचणी ‘परवडत नाही’ असे म्हणणे सुरू झाले. देवाच्या नावाने राखलेली राने तेवढी टिकली. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. त्या देवराया आपण आज एकेकट्या हिरव्या बेटांसारख्या पाहतो. वरकस, कुरण, कवळाचे रान आणि देवराई ही एकाच गावाची व्यवस्था होती.

दुसरा घाव पाण्याचा. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि घाटमाथ्यावर पाऊस होता. टाटांच्या योजनेतले लोणावळा, वळवण आणि शिरोटा हे तलाव झाले आणि १९१५ मध्ये खोपोलीला वीज तयार होऊ लागली. १९२२ मध्ये भिवपुरी, त्यासाठी आंदर मावळातले ठोकळवाडी धरण. मुळशीत सेनापती बापटांच्या सत्याग्रहाने जमिनी बुडण्याचा प्रश्न देशभर गाजला, मावळातले बुडणे तितके गाजले नाही. पुढे १९७० च्या दशकात पवना धरण आले. धरण खोऱ्याचा तळ बुडवते, म्हणजे खाचर बुडवते. खाचर गेलेल्या कुटुंबाकडे उरतो तो उतार, आणि ज्या उताराने फक्त जोडीला उभे राहायचे त्याच्यावर सगळा संसार येतो.

तिसऱ्याला घाव म्हणायला मी धजत नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ तयार केला, तो १९८७ मध्ये प्रसारित झाला. वास आंबेमोहोराचा, उतारा त्याहून कितीतरी जास्त. मावळचे नाव आज महाराष्ट्रभर स्वयंपाकघरांत आहे ते या तांदळामुळे. कामशेतच्या गिरण्या त्याच्यावर चालतात. घरात भात पुरेसा झाला. रेशनवर गहू-तांदूळ आला. नाचणीची काळी भाकरी ही गरिबीची खूण होती, ती पुसता आली तर कोण पुसणार नाही? शाळेच्या डब्यात पांढरी चपाती नेणे हे त्या पिढीला मिळालेले खरे सुख होते. आज ज्यांना त्या चपातीत केवळ ऱ्हास दिसतो त्यांनी स्वतः पिढ्यान्‌पिढ्या गहू-तांदूळच खाल्लेला असतो.

धोरणाने मात्र हात आखडला हे खरे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन, गहू दोन आणि भरडधान्य एक रुपया किलो असा दर होता. भरडधान्य कायद्यात होते, डोंगरातल्या रेशन दुकानात नाचणी सहसा नव्हती. देशात १९५० च्या दशकात वरी-सावा-राळा-कोद्रा या लहान तृणधान्यांखाली पंचेचाळीस-पन्नास लाख हेक्टर जमीन होती, ती आता पाच लाखांच्या आसपास आली आहे. नाचणी बावीस-तेवीस लाखांवरून निम्म्यावर. मावळ या घसरणीतला एक लहान ठिपका.

आणि मग रस्ता. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि वरकसाला तिच्या इतिहासात पहिल्यांदा भाव आला. जी गोष्ट शेतीसाठी अडचण होती, उंची, उतार, खालचे धरण दिसणे, तीच आता ‘व्ह्यू’ झाली. पवना धरणाच्या काठावर बंगले आणि तंबूंची वस्ती उभी राहिली. कायद्याने महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यायची. त्यामुळे गेल्या पंचवीस वर्षांत मुंबई-पुण्यात किती शेतकरी जन्मले याची मोजदाद कोणी करावी, मनोरंजक ठरेल. भाऊबंदकीत ज्याची समजूत काढावी लागली होती तो वरकसवाला अचानक नशीबवान ठरला. त्याने जमीन विकली. मुलाने गाडी घेतली, घर बांधले, पैसे संपले, आणि आज तो त्याच जमिनीवरच्या बंगल्याची राखण करतो, ही गोष्ट प्रत्येक खोऱ्यात ऐकायला मिळते.

ज्यांनी विकली नाही त्यांचे काय? त्यांच्यापुढची अडचण बाहेरच्याला चटकन दिसत नाही. नाचणी एकट्याने करता येत नाही. सगळ्या उतारावर नाचणी असायची तेव्हा पाखरे, वानरे आणि रानडुकरे आपला वाटा सगळ्यांकडून थोडा थोडा घेत. शिवारात एकच तुकडा उरला की सगळे त्यावर उतरतात. रात्री माळ्यावर बसायला माणूस नसतो. लावणीला शेजाऱ्याने यायचे, त्याच्या लावणीला आपण जायचे, ही इर्जिकही बंद झाली, कारण शेजारी चाकणच्या कंपनीत पाळीवर असतो. आंबेगाव-जुन्नरच्या आदिवासी पट्ट्यात याच धर्तीची ‘पडकई’ होती. सगळ्यांनी मिळून एकाची खाचरे बांधायची, मग दुसऱ्याची. तिथे ती रोजगार हमीशी जोडून पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न झाला आणि तो मला फार शहाणपणाचा वाटतो. मावळात असे काही वरकसासाठी व्हायला हवे होते, जमिनी विकल्या जाण्याआधी.

एवढे झाल्यावर नाचणीला सन्मान मिळाला. केंद्र सरकारने २०१८ मध्ये भरडधान्यांना ‘पौष्टिक तृणधान्ये’ म्हणायचे ठरवले. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष जाहीर केले. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात ‘श्री अन्न’ हे नाव आले. नाचणीचा हमीभाव २०२३-२४ मध्ये क्विंटलला ३,८४६ रुपये होता, २०२५-२६ साठी तो ४,८८६ झाला. दोन वर्षांत हजार रुपयांहून अधिक वाढ, ही लहान गोष्ट नाही. पण ती मिळते कोणाला? देशातली सर्वाधिक नाचणी कर्नाटकात पिकते, तुलनेने सपाट जमिनीवर, मोठ्या बाजारपेठांच्या जवळ. हेक्टरी टनाच्या आसपास पिकवणाऱ्या आणि पाच-सात पोती घरात असलेल्या कुसूरच्या शेतकऱ्याला खरेदी केंद्रच नसेल तर हमीभाव वर्तमानपत्रात वाचण्यापुरता. वरी आणि सावा यांना तर हमीभावच नाही.

पौष्टिकतेबद्दल दोन शब्द, कारण इथे फार बेफाट बोलले जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदूळ-गव्हाच्या ते कित्येक पट आहे, आणि दूध मोजून मिळणाऱ्या घरात बाळंतिणीला व लहान मुलाला नाचणीचे सत्त्व देण्यामागचा अनुभव बरोबर होता. पण नाचणीत फायटेट आणि टॅनिनही असते, ते खनिजांचे शोषण अडवते; भिजवून, मोड आणून किंवा आंबवून ते कमी होते. रात्रभर आंबवलेली आंबील आणि मोडाचे सत्त्व या जुन्या रीती म्हणूनच बिस्किटापेक्षा सरस. पाकिटावर नाचणीचे चित्र आणि आत मुख्यतः मैदा, असा माल विकत घेण्यापूर्वी मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचावीत. मधुमेहाचेही तसेच : जाडसर पिठाची भाकरी आणि पातळ गाळीव पेज यांचा रक्तातल्या साखरेवरचा परिणाम एकच नसतो.

आणि नाचणी कधी एकटी खाल्ली जात नव्हती. गरम पाण्यात उकड काढून थापलेल्या भाकरीसोबत पावसाळ्यात कुर्डू, भारंगी, टाकळा, फोडशी, ओढ्यातले मुठे, कधी सुकट, हिवाळ्यात कुळथाचे पिठले आणि कारळ्याची चटणी. यातल्या बहुतेक गोष्टी त्याच वरकसातून आणि तिच्या बांधावरून येत. पोषण मोजायचे तर त्या संपूर्ण उताराचे मोजावे लागेल. एका दाण्याचे मोजले की विक्रीची जाहिरात तेवढी तयार होते.

हे पुस्तक वाचकाला नाचणी खा असे सांगत नाही, आणि मला ते त्याचे बलस्थान वाटते. यात मावळातल्या बायकांनी सांगितलेल्या पाककृती आहेत, पण त्यांची मापे चमच्या-वाट्यांत बदललेली नाहीत. मूठ, शेर, पायली जशी सांगितली तशी ठेवली आहे. वाणांची नावे गावागणिक वेगळी येतील, एकच वाण दोन नावांनी येईल. ते मुद्दाम जुळवलेले नाही. वरीवरचे प्रकरण सर्वांत लहान आहे कारण वरी कांडता येणारी माणसे आता थोडी उरली आहेत. ते प्रकरण वाचून कोणा अभियंत्याला गावपातळीवर चालेल असे, दोन शेजारणींना मिळून चालवता येईल असे तूस काढण्याचे यंत्र करावेसे वाटले तर त्याचा उपयोग कुठल्याही महोत्सवापेक्षा जास्त होईल. अशी लहान यंत्रे देशात तयार झाली आहेत. ती गावात राहतील, दुरुस्त होतील आणि पाच पोत्यांसाठीही परवडतील अशी करणे बाकी आहे.

प्रकरणांचा क्रम पिकांनुसार लावलेला नाही, वरकसाच्या वर्षानुसार आहे. त्यामुळे सुरुवात पेरणीपासून होत नाही. पहिले प्रकरण फाल्गुनातल्या कवळतोडीचे आहे, आणि शेवटचे चौथ्या वर्षी, जमीन सोडून दिल्यानंतर तिथे काय काय उगवते त्याचे. ते शेवटचे प्रकरण सर्वांत मोठे आहे. घाईत असलेल्या वाचकाने निदान तेवढे तरी वाचावे.